विसण, उतार आणि बिचारं ‘कमी’

कऱ्हाडच्या एका ताईंनी विचारलं आहे: सहा महिन्यांपासून इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. डायल्यूट, सॉफ्टन, वीकन, रिलीव्ह, टोन डाउन, मूळ शब्द काहीही असो, माझ्या हातून ‘कमी करणे’ नाहीतर ‘सौम्य करणे’ एवढंच उतरतं. संपादकांनी दोन पानांत 19 ‘कमी’ मोजून दाखवले. अशा शब्दांची एखादी यादी मिळेल का? सोबत त्यांनी ती पानं आणि त्यांतली आपली तीन वाक्यं पाठवली आहेत. एक औषधाच्या पत्रकातलं, एक फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं आणि एक कायद्याविषयीच्या लेखातलं.

ताई, यादी देता येईल, पण ती तुम्हाला फार दिवस पुरणार नाही. मी सांगलीत राहतो आणि गेली 26 वर्षं भाषांतरावर पोट भरतो. सुरुवातीला मीही अशी यादी करून भिंतीला चिकटवली होती. यादीत शब्द सापडायचा आणि वाक्यात घातला की उपरा दिसायचा. कारण मराठीत हे शब्द एकटे राहत नाहीत, ज्याच्या त्याच्या घरी राहतात. ताप उतरतो. पाऊस उघडतो. वारा पडतो. रंग विटतो, धार बोथटते, आशा मावळते, चहा निवतो, कंदील बारीक होतो. ‘वारा उतरला’ म्हणालात तर ऐकणारा तुमच्याकडे बघत राहील. म्हणून इंग्रजी शब्दाकडे बघू नका. आधी विचारा, घटतंय ते काय आहे? मग विचारा, आपसूक घटतंय की कुणी घटवतंय? आणि तिसरं, ज्याकडे नव्या माणसाचं लक्ष जात नाही, ते हे की ज्यानं घटवलं त्यानं भलं केलं की वाट लावली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पुरानं शिकवलं. 2019 चा ऑगस्ट. तुम्ही कऱ्हाडच्या, म्हणजे कोयना कृष्णेला मिळते तिथल्या. तेच पाणी पुढं आमच्याकडे येतं. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलेलं. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो, लाइट नव्हती. खालच्या घरातले काका जिन्यात बॅटरी घेऊन बसायचे आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर खडूनं रेघ मारायचे. रेघ बुडाली की वर दुसरी. असं दोन दिवस चाललं. मग एका रात्री दोनच्या सुमारास त्यांचा आवाज आला, “उतार लागला रे!” बॅटरीच्या उजेडात शेवटची रेघ कोरडी होती आणि तिच्याखाली बोटभर ओली भिंत दिसत होती. बोटभरच. पण सगळा जिना जागा झाला.

त्या आठवड्यात लोक काय काय बोलत होते ते मी नंतर वहीत लिहून काढलं. वर महाबळेश्वर-कोयनेकडे पावसाचा जोर ओसरला. मग पावसानं उघडीप दिली. धरणातला विसर्ग घटवला. मग नदीला उतार लागला. पाणी पायरी पायरीनं उतरलं. गल्लीतून ओसरलं. आणि कितीतरी दिवसांनी, चिखल धुऊन झाल्यावर, नदी निवळली. प्रत्येक टप्प्याला वेगळं क्रियापद आहे आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. विसर्ग घटवला, कारण तिथं दारं खालीवर करणारा माणूस आहे. पावसाला असा मालक नाही, म्हणून तो आपला आपण उघडतो.

यातले उतरणे आणि ओसरणे नीट पाहा, कारण हे दोन शब्द तुमचे अर्धे ‘कमी’ वाचवतील. उतरतं ते उभं असतं. त्याला उंची असते, पायरी असते, आकडा असतो. ताप उतरतो, पारा उतरतो, भाव उतरतात, चढलेली नशा उतरते. ओसरतं ते पसरलेलं असतं आणि कडेकडेनं मागं सरकतं. गर्दी ओसरते, साथ ओसरते, उत्साह ओसरतो. सुजेला उंची आणि पसारा दोन्ही आहेत, म्हणून सूज उतरतेही आणि ओसरतेही. निवळणं मात्र तिसरंच. नदी निवळली तेव्हा पाणी घटलं म्हणून नव्हे, गाळ खाली बसला म्हणून. वातावरण निवळलं, परिस्थिती निवळली, हे याच हिशेबानं बरोबर, कारण आधी काहीतरी ढवळलेलं होतं. दोन गटांतला तणाव निवळतो तोही असाच. पण ‘मनावरचा ताण निवळला’ असं छापलेलं दिसलं की माझी लाल पेन्सिल आपोआप उठते. ताण दोरीला असतो. तो सैल होतो, फार तर हलका होतो. राग तापलेला असतो, तो निवतो किंवा शांत होतो. राग ‘निवळला’ असंही सर्रास लिहितात. त्यावर मी आता भांडत नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य: ‘हे औषध वेदना, ताप आणि सूज कमी करते.’ चूक काहीच नाही, पण पत्रक वाचणारी आजी असं बोलत नाही. ‘या औषधाने ताप उतरतो, सूज ओसरते आणि दुखणे हलके होते’ असं करा. ‘दुखणे थांबते’ लिहू नका. मूळ मजकुरात तसा दावा नाही आणि औषधाच्या पत्रकात एका क्रियापदानं दावा वाढवणं म्हणजे जोखीम. आमच्याकडे ‘दुखायचं राह्यलं’ म्हणतात, तेही टाळा, त्याचा अर्थ पूर्ण थांबलं. ‘उतार पडला’, ‘गुण आला’ हे पेशंटनं बोलायचे शब्द. डॉक्टर विचारतो, “काही उतार?” आणि पेशंट मान हलवतो. पत्रकात ते शोभत नाहीत, कथेत खुशाल वापरा. (उतारा शब्दापासून जपून. विषावरचा उतारा, सातबाराचा उतारा, पुस्तकातला उतारा आणि तिठ्यावर ठेवलेला नारळ-लिंबाचा उतारा, चारही एकाच जिल्ह्यात सुखानं नांदतात.)

पत्रकात संस्कृत शब्द लागतोच, तेव्हा ‘शामक’ हाताशी ठेवा: वेदनाशामक, दाहशामक, पित्तशामक. आयुर्वेदात शमन आणि शोधन असे उपचारांचे दोन वेगळे मार्ग आहेत. दोष बाहेर काढून टाकायचा ते शोधन, आहे तिथंच शांत करायचा ते शमन. म्हणजे शामक औषध दुखण्याचं मूळ उपटत नाही, त्याला गप्प बसवतं. इतका प्रामाणिक शब्द तयार असताना ‘वेदना कमी करणारे औषध’ असं लांबण का लावायचं?

लसीविषयी लिहायची वेळ आली तर आणखी एक फरक सांभाळा. काही लसींत जंतू मेलेला असतो, काहींत जिवंत पण क्षीण केलेला. क्षयावरच्या बीसीजी लसीतला जंतू असाच. काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांनी तो 1908 ते 1921 अशी 13 वर्षं, 230 वेळा नव्या खाद्यावर वाढवत नेला, तेव्हा कुठं त्याची रोग करायची ताकद गेली. याला ‘कमी केलेला जंतू’ लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, संख्येनं कमी. ‘क्षीण केलेला’ किंवा ‘दुर्बल केलेला’ लिहा. गावात सभेत समजावून सांगायचं असेल तर ‘इंगळी जिती हाय, पण नांगी मोडलीया’ एवढं पुरतं.

दुसरं वाक्य बाटलीवरचं: ‘वापरण्यापूर्वी औषध पाण्यात सौम्य करा.’ या वाक्यानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो. बरीच वर्षं झाली. एका कंपनीच्या बुरशीनाशकाचा मजकूर मी मराठीत केला आणि नेमकं हेच लिहिलं, सौम्य करा. खाली मात्रेचा तक्ता होता, पण बारीक टायपात. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार ओळखीचे होते, त्यांना नमुना वाचायला दिला. त्यांनी वाचून विचारलं, “सौम्य करा म्हंजी? ह्यो माणूस हाय का समजूत काढायला? किती पाण्याला किती टाकायचं त्ये सांगा की.” मग म्हणाले, औषध जहाल झालं तर पानं करपतात आणि पातळ झालं तर भुरी, म्हणजे वेलीवरची बुरशी, हटत नाही, मधलं काही तुमच्या शब्दात दिसत नाही. मी निमूटपणे ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘इतक्या लिटर पाण्यात इतके मिली औषध मिसळा’. भाषांतराचा शब्द न वापरणं हेच तिथलं भाषांतर होतं.

पुढं मला कळलं की ‘सौम्य’ तिथं शास्त्राच्या दृष्टीनंही चुकलेला होता. शाळेच्या पुस्तकांत दोन जोड्या असतात. विरल आणि संहत ही एक, सौम्य आणि तीव्र ही दुसरी. पाणी घालून पातळ केलं ते विरल. मुळात स्वभावानंच नरम ते सौम्य. हायड्रोक्लोरिक आम्लात कितीही पाणी घाला, ते विरल होईल, पण जात तीव्र आम्लाचीच राहील. उलट ज्याच्यामुळे व्हिनेगर आंबट लागतं ते असेटिक आम्ल कितीही संहत असलं तरी सौम्यच. म्हणजे ‘आम्ल सौम्य करा’ हे वाक्य रसायनाच्या वर्गात लिहिलं तर मास्तर गुण कापतील. शब्दाचा वंश पाहिला तरी तेच दिसतं. सौम्य आला सोमावरून, म्हणजे चंद्रावरून. चांदणं म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं ऊन नव्हे. ते जन्मतःच तसं.

मग पाणी घालण्याला घरगुती शब्द नाही का? होता, आणि फार देखणा होता. आमच्या गावी परसात तांब्याचा बंब असायचा. आजी कढत पाणी बादलीत घ्यायची आणि म्हणायची, “इसाण आण.” म्हणजे थंड पाणी. ते ती एकदम ओतायची नाही. तांब्यानं धार धरायची, मधे थांबून कोपर पाण्यात बुडवायची, पुन्हा धार. कोपराला सोसलं की पोराला सोसणार, असा हिशेब. प्रमाण मराठीत विसण. कढत पाण्याचा कढ मोडायला घातलेलं गार पाणी. नुसत्या ‘घालण्या’साठी असं स्वतंत्र नाव असलेली वस्तू तुम्हाला इंग्रजीत एका शब्दात पकडता येते का बघा. गीझर आले, एकाच नळाची कळ डावीउजवीकडे फिरायला लागली आणि विसण घरातून गेलं. बाटलीवर तो शब्द चालणार नाही हे मलाही कळतं. पण परवा एका कादंबरीच्या भाषांतरात सासू सुनेच्या बोलण्यात मधे पडते असा प्रसंग होता आणि मी लिहिलं, ‘सासूबाईंनी विसण घातलं तसं एक वाक्य टाकलं.’ संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. मी ते तसंच ठेवायला लावलं.

स्वयंपाकघरात तसे अजून बरेच शब्द जिवंत आहेत. गुळानं आमटीचा आंबटपणा मोडतो, मीठ चोळून कारल्याचा कडूपणा काढतात, पिठलं घट्ट झालं तर सैल करतात, गॅस बारीक करतात. टीव्हीचा आवाजही बारीकच करतात, हे ध्यानात ठेवा. ‘आवाज कमी करा’ फलकावर ठीक आहे, घरातलं माणूस “बारीक कर ते” म्हणतं.

तिसरं वाक्य कायद्याचं: ‘नव्या दुरुस्तीने कायद्यातील तरतुदी कमी करण्यात आल्या.’ हे मात्र चूकच. वाचणाऱ्याला वाटेल दहाच्या सात तरतुदी उरल्या. तुमच्या लेखाचा रोख पाहता लेखकाला म्हणायचं आहे की कायद्याचा धाक राहिला नाही, आणि त्याचं त्याला दुःख आहे. इथं माझा तिसरा प्रश्न येतो, भलं की वाईट? ‘अटी शिथिल केल्या’ म्हटलं की सरकार दयाळू. ‘अंमलबजावणी ढिली पडली’ म्हटलं की सरकार नालायक. गंमत म्हणजे ढिला हे शिथिलचंच लेकरू मानतात, प्राकृतातून घासत घासत आलेला. एकाच घरातला एक भाऊ मंत्रालयात लागला आणि दुसऱ्याला गावानं नावं ठेवली. सैल या दोघांच्या मधे, हातानं करायचा: गाठ सैल करा, दावं सैल सोडा. करोनाच्या दिवसांत रोज ‘निर्बंध शिथिल’ वाचलंत, एकदा तरी ‘निर्बंध ढिले’ वाचलंत का? तुमच्या लेखकाला राग आलेला आहे, तेव्हा त्याला ‘कायदा बोथट करण्यात आला’ द्या. अजून राग असेल तर ‘कायद्याची नांगीच ठेचली’.

शिक्षेच्या बाबतीत तर शब्द चुकला की माणसाचं आयुष्य चुकतं. राज्यघटनेच्या कलम 72 खाली राष्ट्रपतींना शिक्षेत सूट देता येते आणि शिक्षा सौम्यही करता येते, आणि या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांची सक्तमजुरी सात वर्षांवर आणली ती सूट: जात तीच, माप लहान. फाशीची जन्मठेप केली ते सौम्य करणं: शिक्षेची जातच बदलली. इथं ‘सौम्य’ अगदी नेमका बसतो. दोन्हीकडे ‘शिक्षा कमी केली’ लिहिलंत तर बातमी वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही.

भल्याबुऱ्याचा हा वास शब्दांना इतका चिकटलेला असतो की तो धुऊन निघत नाही. मवाळ घ्या. मऊपणाशी नातं सांगणारा साधा शब्द, पण 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली, एका बाजूला टिळकांचे जहाल, दुसऱ्या बाजूला गोखल्यांचे मवाळ, आणि तेव्हापासून मराठी माणूस मवाळ म्हणताना किंचित नाक मुरडतो. म्हणून ‘टोन डाउन’ला ‘सूर मवाळ केला’ लिहिताना विचार करा, त्यात माघारीची छटा येते. नुसता शहाणपणा दाखवायचा असेल तर ‘सूर खाली आणला’ किंवा ‘नरमाईनं घेतलं’. ‘नमतं घेतलं’ म्हटलं की हरला. ‘गुळमुळीत बोलला’ म्हटलं की मुद्दाम. ‘पाणचट’ तर शिवीच. आणि ‘मनोबल खच्ची करणे’ जपून वापरा. बैल खच्ची करणं म्हणजे त्याला नपुंसक करणं, हे ठाऊक असलेली माणसं अजून शेतात आहेत, आणि महिला बचत गटाच्या अहवालात ‘सदस्यांचे खच्चीकरण’ हा मथळा पाहून एका आजोबांना आलेला ठसका मी पाहिला आहे.

कित्येकदा स्वतंत्र शब्दाची गरजच नसते, शेपूट पुरतं. मराठी विशेषणाला -सर, -ट, -ऊस लावून त्याचा जोर काढून घेता येतो. लाल-लालसर, ओला-ओलसर, कडू-कडवट, तांबडा-तांबूस. ‘थोड्या कमी लाल रंगाचे चट्टे’ असं तुमच्या पत्रकात आहे, त्याला ‘लालसर चट्टे’ एवढं पुरे. यातही स्वभाव आहेत. -सर बहुधा सरळ असतो, -ट बहुधा कुरकुरा: मळकट, पांढरट, पोरकट. बेदाण्याच्या सौद्यात कुणी माल ‘हिरवा’ म्हणाला तर तो विकणारा आणि ‘हिरवट’ म्हणाला तर घेणारा, असं आमच्या तासगावच्या मित्राचं मत आहे. -ऊसचं मात्र सांगता येत नाही. तांबूस आभाळ सुंदर, आंबूस भात टाकून द्यायचा.

इतकं सांगितल्यावर तुम्ही 19 च्या 19 ‘कमी’ काढायला बसाल, तर तसं करू नका. मी तुमची पानं वाचली. पाच-सहा ठिकाणी तो शब्द हक्कानं बसला आहे: वजन कमी होणे, साखर कमी असणे, मात्रा कमी करणे. जिथं तराजू, चमचा किंवा आकडा आहे तिथं फारसीतून आलेला हा पाहुणा घरचाच आहे. शेवटच्या ओळीत ‘जेवणात मीठ कमी ठेवा’ आहे, त्याला तर हात लावू नका. पहिल्या खर्ड्यात तुम्ही तिथं ‘अळणी आहार घ्या’ लिहून खोडलेलं दिसतं. खोडलंत ते बरं केलंत. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं आणि घरच्यांनी महिनाभर अळणी वाढलं, तर पेशंट तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरी भडंग खात बसलेला सापडेल.